जुना इराणी जानमाज घेताना: आधी पाठ पाहा, मग नक्षी

विक्रेता गालिचा उलगडतो आणि म्हणतो, 'जुना इराणी जानमाज.' या तीन शब्दांत तीन वेगळे दावे आहेत: वस्तू जुनी आहे, ती इराणात विणलेली आहे आणि ती नमाजासाठी विणलेली आहे. किंमत या तिन्हींवर ठरते. पण एक दावा खरा निघाला म्हणून बाकीचे दोन खरे ठरत नाहीत, आणि प्रत्येकाची तपासणी निराळी असते. बहुतेक ग्राहक नक्षीवर आणि रंगांवर भाळून तिन्ही एकदम मान्य करतात. पैसे जातात ते इथेच.

जानमाज, म्हणजेच मुसल्ला किंवा सज्जादा, हा एका माणसापुरता छोटा गालिचा. साधारण तीन फूट रुंद आणि चार-पाच फूट लांब, कधी त्याहूनही लहान. मधल्या भागात मेहराबीची कमान असते. मशिदीच्या भिंतीत मक्केची दिशा दाखवणारा जो कोनाडा असतो, त्याचंच हे रूप. कमानीखाली कधी टांगलेला दिवा असतो, कधी फुलदाणी, कधी दोन्ही बाजूंना खांब, तर कधी नुसतं एक झाड. नमाज पढताना कमानीचं टोक मक्केकडे करायचं आणि कपाळ तिथे टेकायचं. ओळीने अनेक कमानी असतील तर त्याला सफ म्हणतात. तो अनेकांनी शेजारी शेजारी उभं राहण्यासाठी.

नमाजासाठी की भिंतीसाठी?

इराणातल्या बहुसंख्य लोकांचा पंथ शिया. सजदा करताना कपाळ मातीच्या वडीवर, म्हणजे मोहरवर, टेकण्याची त्यांची रीत आहे. मशिदींतून झिलू, म्हणजे लव नसलेले सुती गालिचे, अंथरलेले असत, आणि यझ्दजवळचं मेयबोद हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. गाठींचे जुने जानमाज जगात सर्वाधिक कुठून आले असतील तर ते तुर्कस्तानातून: गोर्देस, कुला, लादिक, मिलास इथून. इराणच्या शहरांत, विशेषतः काशान आणि तब्रीझमध्ये, कमानीचे जे रेशमी गालिचे विणले गेले, त्यांतले बरेचसे भिंतीवर लावण्यासाठी आणि परदेशी विक्रीसाठी होते. त्यांचं सौंदर्य याने कमी होत नाही. पण 'यावर पिढ्यान् पिढ्या नमाज पढला गेला' असं सांगून कुणी ज्यादा पैसे मागत असेल, तर तो दावा तपासायला हवा.

तपासता येतोही. रोज वापरलेल्या जानमाजाची झीज सगळीकडे सारखी नसते. गुडघे टेकतात तिथे, तळवे ठेवतात तिथे आणि कपाळ टेकतं तिथे लव, म्हणजे गालिच्यावरचे उभे तंतू, जास्त खाली गेलेली असते. कडेचे पट्टे त्या मानाने भरलेले राहतात. सगळीकडे एकसारखी पातळ झालेली लव वापरापेक्षा कात्रीकडे किंवा धुलाईकडे बोट दाखवते.

इराणातून आलेले आणि खरोखर वापरात असलेले जुने जानमाज शोधायचे तर पूर्वेकडे खोरासान आणि सिस्तानकडे वळावं लागतं. तिथले बलुच बहुतांशी सुन्नी. त्यांच्या बायकांनी विणलेले जानमाज आजही बाजारात बऱ्यापैकी संख्येने मिळतात. मधला भाग उंटाच्या रंगाचा, त्यावर फांद्या-पानांचं झाड, कमान चौकोनी, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या चौकटींत कधी कधी हाताच्या पंज्यांच्या आकृती. गर्द निळा, मंजिष्ठासारखा लाल आणि तपकिरी, एवढ्याच रंगांत सारं काम. दक्षिणेत फार्स प्रांतातल्या कश्काई भटक्यांकडे 'हजार गुल' नावाची नक्षी होती: एका फुलदाणीतून उसळलेली शेकडो बारीक फुलं आणि वर कमान. ते गालिचे दुर्मीळ आहेत आणि महागही.

इराणचा आहे हे कशावरून?

पैठणी पारखणारी बाई आधी पदर उलटा करते, तसा गालिचाही आधी उलटा करावा. सगळी माहिती पाठीवर असते. हाताने बांधलेल्या गालिच्यात समोरची नक्षी पाठीवर जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते, कारण प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र गाठ. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर ते काढून दाखवायला सांगा. विक्रेता तयार नसेल तर तिथेच थांबा.

दोन्ही टोकांच्या दशा पाहा. त्या म्हणजे ताण्याचेच पुढे आलेले धागे. दशा वेगळ्या शिवलेल्या दिसल्या तर गालिचा यंत्रावरचा तरी आहे किंवा टोकांची दुरुस्ती झालेली आहे. ताणा कशाचा आहे तेही दशांवरून कळतं. भटक्या जमातींच्या कामात तो बहुधा लोकरीचा असतो, शहरी कारखान्यांत सुती किंवा रेशमी. जुना बलुची म्हणून दाखवलेल्या तुकड्याचा ताणा पांढराशुभ्र सुती निघाला तर शंका घ्यावी.

गाठींचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात लोकरीचा धागा ताण्याच्या दोन धाग्यांना बाहेरून वळसा घालतो आणि त्याची दोन्ही टोकं त्यांच्या मधून वर येतात. ही तुर्की गाठ. दुसऱ्यात धागा एकाला पूर्ण गुंडाळतो आणि शेजारच्याच्या नुसता मागून जातो. ही फारसी गाठ. नावांवर मात्र विसंबू नये. तब्रीझ, हेरिझ, बिजार ही इराणची ठिकाणं तुर्की गाठच बांधतात, आणि ज्या सेनेह गावाचं नाव फारसी गाठीला मिळालं, त्या गावातही तुर्की गाठच चालते. म्हणून गाठ हा एकटा पुरावा पुरत नाही. ताणा, बाणा, कडांची शिवण, रंग आणि नक्षी एकाच गावाकडे बोट दाखवतात का, हे पाहायचं.

नक्षी सर्वांत सहज फसवते, कारण ती प्रवास करते. इस्तंबूलच्या कुमकापी भागातल्या आर्मेनियन कारागिरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या सफवी काळातल्या (सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या) जानमाजांच्या नमुन्यावर अप्रतिम रेशमी गालिचे विणले. तब्रीझच्या कारागिरांनी तुर्की नमुने उचलले. आपल्याकडे काश्मीरमध्ये काशान आणि कुम या इराणी शहरांच्या नक्ष्या सर्रास विणल्या जातात. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही एकोणिसाव्या शतकात कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. असे तुरुंगातले गालिचे भारतात आणखीही ठिकाणी होत आणि त्यांतले अनेक इराणी नमुन्यांवर बेतलेले असत. भारतातल्या जुन्या घरांतून निघालेला 'इराणी' गालिचा अशाच एखाद्या तुरुंगाचा असू शकतो. त्याची स्वतःची किंमत आणि स्वतःचा इतिहास आहे, फक्त तो खऱ्या नावाने विकला जावा.

वय

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण सर्वांत मोठी रक्कम वयापोटी मागितली जाते. बाजारात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला 'अँटिक' म्हणतात. त्याहून कमी, पण पन्नासेक वर्षांपुढची असेल तर ती नुसती जुनी.

आधी थोडा इतिहास, कारण अनेक खोटे दावे त्याच्यापुढेच टिकत नाहीत. सफवी राजवटीत, सोळाव्या-सतराव्या शतकांत, इराणचं विणकाम शिखरावर होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अर्दबील गालिच्यावर हिजरी ९४६, म्हणजे इ.स. १५३९-४० हे साल विणलेलं आहे. १७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतलं, सफवी सत्ता कोसळली आणि शहरातले मोठे कारखाने ओस पडले. खेड्यापाड्यांत आणि भटक्यांमध्ये विणकाम चालू राहिलं, पण शहरी धंदा पुन्हा उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. युरोपात मागणी वाढली, तब्रीझच्या व्यापाऱ्यांनी माग बसवले, मँचेस्टरच्या झिगलर कंपनीने सुलतानाबादेत, म्हणजे आजच्या अराकमध्ये, काम सुरू केलं. काशानचा धंदा त्या शतकाच्या अखेरीस नव्याने बहरला. आज घरासाठी विकत घेता येणारे बहुतेक 'अँटिक' इराणी गालिचे साधारण १८७० ते १९२५ या टप्प्यातले असतात. सफवी जानमाज संग्रहालयांत आहेत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात त्यांचा मोठा संच आहे. तुमच्या गल्लीतल्या प्रदर्शनात तो येणार नाही.

आणि कुम. या शहरातले रेशमी जानमाज अतिशय देखणे असतात आणि 'दीडशे वर्षांचा कुम' असं सांगून विकलेही जातात. कुममध्ये गालिच्यांचा धंदा सुरू झाला तोच १९३०च्या दशकात. रेशमाचं काम त्याच्याही नंतरचं. नाईन या इराणी गावाचा धंदाही असाच विसाव्या शतकातला. ही दोन गावं लक्षात ठेवलीत तरी बऱ्याच फसवणुकी टळतील.

काही गालिच्यांत साल विणलेलं असतं. आकडे फारसी, पण डावीकडून उजवीकडे वाचायचे. हिजरी चांद्र साल इसवीत आणण्यासाठी त्याला ३३ ने भागायचं, आलेला भागाकार त्यातून वजा करायचा आणि ६२२ मिळवायचे. १३१० घ्या: ३३ ने भागून सुमारे ४०, वजा करून १२७०, अधिक ६२२, म्हणजे इ.स. १८९२. यात दोन खाचखळगे आहेत. एक, इराणने १९२५ पासून सौर हिजरी साल अधिकृत केलं. त्यात सरळ ६२१ मिळवायचे. त्यामुळे १३४० हे चांद्र मानलं तर १९२१-२२ येतं आणि सौर मानलं तर १९६१. चाळीस वर्षांचा फरक! कोणतं धरायचं हे रंगांवरून आणि विणीवरून ठरवावं लागतं. दुसरा खळगा हेतुपुरस्सर केलेला असतो. फारसी २ आणि ३ या आकड्यांत एका छोट्या दात्याचाच फरक आहे. तीनमधल्या थोड्या गाठी बदलल्या की १३२५ चं १२२५ होतं आणि गालिचा ९७ वर्षांनी म्हातारा होतो. सालाच्या जागी पाठीकडून भिंग लावून पाहा. नंतर बांधलेल्या गाठींची लोकर, घट्टपणा किंवा रंग शेजारच्या गाठींशी जुळत नाही.

रंगांकडून मिळणारी साक्ष जास्त भरवशाची. जुने रंग वनस्पतींचे आणि किड्यांचे: लाल रुनासच्या, म्हणजे मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतीच्या, मुळांचा, निळा नीळीचा, पिवळा इस्परकच्या फुलांचा, तपकिरी अक्रोडाच्या किंवा डाळिंबाच्या सालीचा, किरमिजी कोचिनील किड्यांचा. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने पहिला रासायनिक जांभळा तयार केला आणि काही वर्षांत फुक्सिनसारखे झगझगीत स्वस्त रंग बाजारात आले. पुढच्या दशकांत ते इराणच्या खेड्यांत पोचले. ते इतके कच्चे होते की इराणच्या तेव्हाच्या काजार राजवटीने त्यांवर बंदी घातली, तरी वापर थांबला नाही. याचा पारख करताना उपयोग होतो. लव बोटांनी दुभंगून मुळाशी पाहा. वर राखाडी किंवा मळकट आणि मुळाशी, पाठीवर, भडक जांभळा किंवा गुलाबी दिसला, तर तो उडालेला फुक्सिन असण्याचा दाट संभव आहे. मग तो तुकडा १८६० च्या आधीचा असूच शकत नाही. उलट हे लक्षात घ्या की रासायनिक रंग असला म्हणजे गालिचा नवा, असं मुळीच नाही. १८९० चा अस्सल बलुची तुकडाही थोडा उडालेला नारिंगी घेऊन येतो. वनस्पतींचे रंगही फिकटतात, पण टोकापासून मुळापर्यंत हळूहळू, पायरी न पडता.

मला सर्वांत पटणारी खूण काळ्या-तपकिरी लोकरीची आहे. हा रंग पक्का करायला लोहाचे क्षार वापरत आणि ते लोकर हळूहळू खातात. शंभरेक वर्षांत तेवढाच भाग खाली बसतो आणि शेजारचे लाल-निळे भाग उठून दिसतात. हात फिरवला की कळतं. नक्कल करणारे कात्रीने हेच साधायचा प्रयत्न करतात, पण त्यांचा कट धारदार आणि एकसारखा असतो. काळाने केलेली झीज तशी नसते.

रंगाचे आडवे फिकट-गडद पट्टे दिसले तर घाबरू नका. त्यांना अबराश म्हणतात. लोकर थोडी थोडी रंगवली की प्रत्येक घाणा जरा वेगळा निघतो. हल्ली नव्या मालातही ते मुद्दाम घालतात, म्हणून तो वयाचा पुरावा धरू नये.

कुणी कार्बन-१४ चाचणीचा कागद दाखवला तर? साधारण १६५० नंतरच्या वस्तूंसाठी ही चाचणी नेमकं उत्तर देत नाही, कारण त्या शतकांचे आकडे एकमेकांत मिसळतात. १८८० चा आहे असं ती सांगू शकत नाही. आणि चुका तज्ज्ञांकडूनही होतात. रोमानियाच्या तेओडोर तुदुक या कारागिराने जुन्या तुर्की गालिच्यांच्या इतक्या सफाईदार नकला केल्या की त्या मोठ्या संग्रहालयांत अस्सल म्हणून पोचल्या.

विकत घेण्याआधी हातात घेऊन

गालिचा उजेडासमोर धरा. भोकं आणि पातळ जागा लगेच दिसतात. मग एक कोपरा हलकेच दुमडा. कटकट असा कोरडा आवाज आला तर आतला सुती ताणा कुजलेला आहे. असा गालिचा वरून कितीही सुंदर असो, घेऊ नये. तो दुरुस्त होत नाही. ओल्या पांढऱ्या रुमालाने दोन-तीन जागा चोळा. रुमालाला रंग लागला तर झिजलेली जागा शाईने रंगवलेली आहे, किंवा मूळ रंगच कच्चा आहे. रेशमाचा संशय असेल तर विक्रेत्याच्या परवानगीने दशेचा एक तंतू जाळा. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, व्हिस्कोसला कागदाचा.

चारही बाजूंचे पट्टे पूर्ण आहेत ना, हे मोजा. खराब झालेली बाजू कापून टाकण्याची चाल जुनी आहे. दुरुस्ती असणं हा दोष नव्हे. शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूला रफू असणारच. दोष आहे ती लपवण्यात. पावतीवर गाव किंवा प्रांत, अंदाजे काळ, ताणा-बाणा आणि लव कशाची, किती दुरुस्ती झाली, हे सारं लिहून घ्या आणि परतीची मुदतही. मोबाइल-संगणकाच्या पडद्यावर पाहून घेणार असाल तर पाठीचा, शेजारी मोजपट्टी ठेवलेला, दिवसाच्या उजेडातला फोटो मागा.

गाठींच्या संख्येवरून दर्जा ठरवण्याची सवय सोडावी असं मी मनापासून म्हणेन. जुन्या बलुची जानमाजात चौरस इंचाला शंभराच्या आसपास गाठी असतात, कुमच्या रेशमात त्याच्या कितीतरी पट. पण बलुच बाईची लोकर चमकदार आणि जिवंत असते, रंग खोल असतात, आणि ती वस्तू वापरासाठीच झालेली असते. पहिला जानमाज घेणाऱ्याने संशयास्पद रेशमी काशानपेक्षा एक प्रामाणिक, थोडा झिजलेला बलुची घ्यावा. पैसे कमी लागतात, नकला कमी होतात आणि डोळा तयार होतो.

घरी आणल्यावर त्याची जागा विचाराने ठरवा. यावर कुणीतरी कपाळ टेकवलेलं आहे. किनारीत अक्षरं असतील तर ती वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. कुराणातली आयत असेल तर तो जमिनीवर अंथरू नये, भिंतीवरच लावावा. इतर जानमाजही दारापाशी पायपुसण्यासारखे टाकू नयेत. आपल्या घरांत चपला बाहेर काढतातच, त्यामुळे वाचनाच्या कोपऱ्यात किंवा पलंगाशेजारी तो छान राहतो. भिंतीवर लावताना खिळे ठोकू नका. पाठीला वरच्या कडेने कापडी नळी शिवून त्यातून दांडा घाला, म्हणजे भार सगळ्या रुंदीवर विभागतो. थेट ऊन लागू देऊ नका.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दमट भिंतीला टेकून ठेवलेल्या गालिच्याला बुरशी धरते. कसर लागते ती अंधाऱ्या, न हलवलेल्या जागी, म्हणजे नेमकी सोफ्याखाली. महिन्यातून एकदा उलटून दोन्ही बाजूंनी झाडा. व्हॅक्युम लावायचा तर फिरणारा ब्रश बंद करून. ठेवून द्यायचा असेल तर घडी न घालता गुंडाळा आणि सुती कापडात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको.

शेवटी कागदपत्रं, विशेषतः परदेशात राहणाऱ्यांसाठी. भारतात अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. गालिचा त्याहून नवा असेल तर तो पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घेता येतो. अमेरिकेने इराणी गालिच्यांच्या आयातीवर १९८७ मध्ये बंदी घातली, २००० मध्ये उठवली, २०१० मध्ये परत घातली, २०१६ मध्ये पुन्हा उठवली आणि २०१८ मध्ये पुन्हा लागू केली. गालिचा दुबईत घेतला की मुंबईत, यापेक्षा तो मुळात इराणी आहे हे तिथे महत्त्वाचं असतं. त्यामुळे न्यू जर्सीला न्यायचा जानमाज घेण्याआधी त्या वेळचा नियम तपासावा आणि खरेदीची पावती कायम गालिच्यासोबत ठेवावी.